जळण

आण्णांनी मला आठ वर्षांत एकदाही ‘छान’ म्हटलं नव्हतं, हे आधी सांगितलं पाहिजे. नाहीतर पुढं मी जे केलं ते नुसतं दुष्टपणाचं वाटेल. दुष्टपणाचं ते होतंच, पण नुसतं तेवढंच नव्हतं. आण्णा म्हणजे माझे वडील. झरीला शाळेत मास्तर होते आणि गावच्या गायन पार्टीचे पेटीवाले. सकाळी बुद्धवंदना झाली की चहाच्या आधी ते मला पेटीपुढं बसवायचे. मी सात वर्षांची असल्यापासूनचा हा नेम. पेटी जुनी, भाता एका अंगानं फाटलेला. माय त्याला पिठाची खळ लावून कागद चिकटवायची, तरी तो धाप लागलेल्या माणसासारखा फुसफुसायचा. आण्णा माझ्या मागं दारात आरसा टांगून दाढी करत उभे राहायचे. माझं बोट चुकलं की वस्तऱ्याचा आवाज थांबायचा. चुकलं नाही की खरखर चालू राहायची. कौतुक म्हणून मला तेवढंच माहीत होतं.

घर दोन खोल्यांचं, वर मातीचं माळवद. माळवदावर जळण वाळत पडलेलं असायचं, तुराट्या, पऱ्हाट्या, कडेला गोवऱ्यांची चळत. खाली माय दिवसभर कामात. तिच्या भाकरीची थाप आमच्या गल्लीत ओळखू यायची, एकसारखी, जड हाताची. पाट्यावर तिळाची चटणी, करडईच्या तेलाची धार, अंबाडीची भाजी, आणि रविवारी धपाटे. माय चौथीपर्यंत शिकलेली. दुपारी सगळं आवरलं की माझी जुनी पुस्तकं घेऊन बसायची आणि ओठ हलवत वाचायची. कुणी आलं की पुस्तक मांडीखाली. आण्णा कधीतरी हसायचे त्यावर. मीही हसायचे.

मी दहावीत गेले त्या जूनमध्ये सुजाता आमच्याकडं राहायला आली. माझ्या मामाची पोरगी. त्यांचं गाव पालमच्या पलीकडं गोदावरीच्या काठाला, तिथं शाळा सातवीपर्यंतच. माय म्हणाली, एक ताट वाढलं म्हणून काय होतंय. एसटीतून उतरली तेव्हा तिच्या एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात खताची थैली. थैलीत नदीतले गोटे होते. मला वाटलं पाट्यावर वाटायला कुणीतरी पाठवलेत. ‘‘न्हाई, आक्का,’’ ती म्हणाली, ‘‘हे वाजत्यात.’’ आणि दोन गोटे एकमेकांवर हलकेच आपटून माझ्या कानाजवळ धरले. मला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. मी हो हो म्हटलं.

पाऊस अजून यायचा होता. काळ्या रानाला हात हात खोल भेगा पडलेल्या. एकदा मी तिला मळ्याच्या वाटेनं नेत होते तर ती मधेच खाली बसली, एका भेगेत खडा सोडला आणि कान जमिनीला लावला. मी म्हटलं, ‘‘ऊठ, साप निघंल.’’ तिनं हात वर करून मला गप्प केलं. ‘‘शुक... अजून पडायलाय.’’ मी उभीच राहिले. चौदा वर्षांची पोर, मातीत गाल टेकवून, डोळे मिटून. माझ्या कानांना आठ वर्षं शिकवलेलं होतं. कोणता सूर किती चढला हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण ते खड्याचं पडणं मला ऐकू आलं नाही, आणि तिनं ते खोटं सांगितलेलं नाही हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. हेव्याची पहिली बारीक कळ मला तिथं आली असावी. तेव्हा मी तिला हेवा म्हटलं नाही. ‘येडपट हाय’ म्हटलं.

ती काहीही वाजवायची. पपईच्या पानाचा देठ, पिंपळाचं कोवळं पान, गुलमोहराची वाळकी शेंग. शाळेच्या मागं शिरसाचं झाड होतं. त्याच्या शेंगा वाळल्या की वाऱ्यावर सगळं झाड सळसळायचं आणि ती मधल्या सुट्टीत त्याखाली एकटीच उभी असायची. पोरी मला विचारायच्या, ‘‘तुझी ती बहीण बरी हाय ना?’’ मला लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. लोक तिला वेडी म्हणत होते तोवर मला तिची भीती नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीतली एक सकाळ. मी पेटीवर होते, आण्णा मागं दाढी करत होते. अंगणात सुजाता भांडी घासत होती. मी चांगली रंगात आले होते. अवघड जागा होती, ती मी सलग तीनदा बिनचूक घेतली. आणि वस्तऱ्याचा आवाज थांबला. मी बोटांकडं बघितलं. चुकलं तर काहीच नव्हतं. मागं वळले तर दारात आण्णा नव्हते. अर्ध्या गालाला साबणाचा फेस तसाच, ते अंगणात उभे होते. सुजातानं परातीत पाणी भरून त्यात वाळक्या भोपळ्याचं अर्धं कवच पालथं तरंगत ठेवलं होतं आणि काडीनं त्यावर ठोका देत होती. एका हातानं कवच जरा दाबलं की आवाज खाली जायचा, सोडलं की वर यायचा. जाड, ओला, पोटातून आल्यासारखा आवाज.

‘‘पुन्हा कर,’’ आण्णा म्हणाले.

ती घाबरली. ‘‘मामा, भांडी घासतच व्हते.’’ आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणतात.

‘‘भांडी राहू दे. पुन्हा कर म्हणतो ना.’’

तिनं केलं. आण्णा उकिडवे बसले, परातीजवळ. फेस गालावरून ओघळून बनियनवर पडला, त्यांना पत्ता नव्हता. आणि ते म्हणाले, ‘‘छान.’’ मग अजून एकदा, स्वतःशीच, ‘‘छान गं पोरी.’’

मी पेटीचा भाता बंद केला आणि आत जाऊन चूल फुंकायला लागले. माय म्हणाली, ‘‘पेटलीय की चूल. काय फुंकायलीस?’’

त्या हिवाळ्यात आमचं घर बदललं. संध्याकाळी शाळेतून आले की आण्णा सुजाताला घेऊन रानात जायचे आणि दोघं वैरणीचा भारा आणल्यासारखे काय काय घेऊन यायचे. ज्वारीच्या धांड्याची तार करायची युक्ती तिला येत होती. दोन पेरांच्या मधली साल सुरीनं बारीक चिरून उचलायची, टोकाला तोडायची नाही, आणि तिच्याखाली दोन्हीकडं काडीचे तुकडे सरकवायचे. नखानं छेडली की कोरडा, जवळचा आवाज यायचा. पण धांडा वाळेल तसा सूर चढायचा, कधी साल तडकायची. म्हणून सावलीत वाळवायचे, रोज छेडून बघायचे, काड्या सरकवायच्या. पुष्कळ वाया जायचे तेव्हा एखादा टिकायचा. दोन-अडीच महिन्यांत त्यांनी नऊ धांडे जमवले, प्रत्येकाचा सूर वेगळा. शिरसाच्या शेंगा देठासकट बांधून त्यांचे लहानमोठे झुबके केले. गोटे होतेच. परात होती, भोपळा होता. त्यातून आण्णा काहीतरी बसवत होते, ज्याला ना बोल होते ना चाल. सुरुवातीला नुसत्या शेंगा, मग कुठूनतरी लांबून धांडे, मग खालून भोपळा. ढोलकीवाले किसनकाका एकदा ऐकायला बसले आणि हसत सुटले. ‘‘मास्तर, पार्टी बंद करून खुळखुळ्याचं दुकान टाकायलाव काय?’’ आण्णा चिडले नाहीत. ‘‘किसन, डोळे मिटून ऐक एकदा.’’ किसनकाकांनी मिटले. थोड्या वेळानं म्हणाले, ‘‘लय इचित्र हाय. रानात झोपल्यावानी वाटायलंय.’’

विचारायचं धाडस मी बरेच दिवस जमवत होते. शेवटी विचारलं, ‘‘यात पेटी कुठं घेऊ, आण्णा?’’

ते म्हणाले, ‘‘पेटी नको यात. पेटीनं हे सगळं दबंल. तू असं कर, तिला एक-एक धांडा हातात देत जा. तिची धांदल होते.’’

मी देत गेले. दहावीची पोरगी, आठ वर्षं पेटी शिकलेली, आठवीतल्या पोरीच्या हातात ज्वारीचे धांडे देत होते. सुजाता दर वेळी ‘दे, आक्का’ म्हणायची, आणि तिच्या आवाजात जराही तोरा नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. मी तिच्या खोड्या काढायला लागले. ‘न्हाई’ नको, ‘नाही’ म्हण, म्हणून चारचौघीत तिला टोकायचे. तिच्या वेणीची रिबीन लपवायचे. तव्याला चिकटलेली भाकरीची कुरकुरीत खरपुडी माय नेहमी मला द्यायची. एकदा तिला दिली तर मी जेवणावरून उठून गेले. माय माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिली.

संक्रांतीनंतर परभणीला शेतकऱ्यांचा मेळावा होता. कुणीतरी आण्णांच्या ओळखीचं तिथल्या व्यवस्थेत होतं, त्यांनी सांगितलं, करमणुकीला अर्धा तास देतो, रानातलं काय ते वाजवा. आण्णा चार दिवस नीट जेवले नाहीत आनंदानं. आदल्या दिवशी दुपारी सुजातानं धांडे आणि शेंगा माळवदावर उन्हाला ठेवल्या, एरवी सावलीत असायचे, पण गारठ्यानं सूर उतरले होते म्हणून. मग ती आणि आण्णा शाळेत सतरंजी मागायला गेले. माय किसनकाकांच्या घरी बाळंतिणीला बघायला निघाली. जाताना म्हणाली, ‘‘रमा, भाकरी थापून ठेव. जळण घे वरून.’’

मी माळवदावर गेले. एका अंगाला तुराट्यांचा ढीग होता, चांगला कंबरेएवढा. दुसऱ्या अंगाला जुन्या लुगड्यावर ते नऊ धांडे, ओळीनं, आणि शेंगांचे झुबके. मी तिथं किती वेळ उभी होते ते आता सांगता येत नाही. लोक म्हणतात रागाच्या भरात भान राहत नाही. मला पूर्ण भान होतं. मी हासुद्धा विचार केला की कुणी विचारलं तर काय सांगायचं. जळणच तर दिसतंय, कुणालाही जळणच वाटेल. मी लुगड्याची चार टोकं उचलली आणि गाठोडं खाली आणलं. धांडे गुडघ्यावर मोडले. एकेक करून चुलीत घातले, वर शेंगा. फार चांगला जाळ झाला. इतका की तवा पटकन तापला आणि मला घाईघाईनं पीठ मळावं लागलं. त्या जाळानं चुलीतल्या गोवऱ्याही धरल्या, आणि त्यावर मी अकरा भाकरी केल्या. सगळ्या फुगल्या.

संध्याकाळी सगळे जेवलो. आण्णा भुकेले होते, तीन भाकरी खाल्ल्या. हात धुता धुता म्हणाले, ‘‘सुजा, आण बरं सगळं. एकदा घेऊ.’’ ती पळत वर गेली. खाली यायला वेळ लागला. आली तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं.

‘‘मामा, न्हाईत.’’

‘‘नाहीत म्हणजे?’’

चुलीपुढं लुगडं घडी करून ठेवलेलं होतं. ती घडी मीच घातली होती, सवयीनं. सुजाता तिकडं बघत राहिली. मग आण्णांनी बघितलं, मग मायनं. मायनं चुलीकडं बघितलं, कोपऱ्यात तशाच पडलेल्या जळणाच्या रिकाम्या टोपल्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. तिला कळलं. मी ठरवलेलं वाक्य मला आठवेना. तेवढ्यात मायच बोलली.

‘‘मीच सांगितलं तिला. वरचं वाळलेलं आण म्हणलं. मला काय माहीत त्यात तुमचं हाय.’’

आण्णांनी हातातला तांब्या खाली ठेवला. आपटला नाही, ठेवला. ‘‘तीन महिने,’’ ते म्हणाले. ‘‘तीन महिने ही पोर त्यावर बसलीय घरात, आणि तुला माहीत नाही? अडाणी ती अडाणीच राहिलीस शेवटी.’’

माय उठली आणि ताटं गोळा करायला लागली. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. एवढ्या वर्षांत मी त्या जागेवर मनातल्या मनात पुष्कळदा बोलले आहे. त्या दिवशी नाही बोलले. त्यानंतर मायनं दुपारचं वाचायला बसणं सोडलं. एकदम सोडलं नाही, कमी कमी होत गेलं, पण त्या दिवसापासून. आणि तिनं मला पुन्हा कधी जळण आणायला वर पाठवलं नाही. यापलीकडं ती त्याबद्दल मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

मेळाव्याला जायचं नाही असं आण्णा म्हणत होते. सुजाताच म्हणाली, ‘‘जाऊ की, मामा. भोपळा हाय, गोटे हायेत.’’ सकाळच्या एसटीनं आम्ही गेलो. आण्णांनी ऐनवेळी पेटीही बरोबर घेतली. मोठा मांडव, ट्रॅक्टरची रांग, बियाण्यांची दुकानं, चहाच्या गाड्यांभोवती गर्दी. सुजाता स्टेजवर परातीपुढं बसली. माईक उंच होता, कुणी तो खाली केला नाही. ती वाजवत होती, पण पहिल्या रांगेच्या पलीकडं काही जात नव्हतं. मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘भांडी घासायलीस का गं बाई?’’ आणि सगळा मांडव हसला. आण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. मी पेटी पुढं ओढली.

आम्ही जयंतीला म्हणायचो त्यातलं एक गाणं मी घेतलं, उडत्या चालीचं, सगळ्यांच्या ओठावरचं. दुसऱ्या ओळीला टाळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या कडव्याला लोक स्वतः म्हणायला लागले. इतकं चांगलं मी आधी कधी वाजवलं नव्हतं, नंतरही फार वेळा नाही. आणि माझ्या डाव्या हाताला, माईकपासून लांब, सुजाता माझ्या ठेक्याला धरून भोपळा वाजवत होती. मांडवात तो कुणालाच ऐकू येत नव्हता. मला येत होता. माझा ठेका दोनदा पळाला, दोन्ही वेळा तिनं मला जागेवर आणलं.

परतीच्या एसटीत आण्णा माझ्या शेजारी बसले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘आज तू होतीस म्हणून इज्जत राहिली, रमा. छान वाजवलंस.’’ पुढच्या बाकावर सुजाता खिडकीला डोकं टेकून झोपली होती, थैली पायाशी. ज्या शब्दासाठी मी आठ वर्षं पेटीपुढं बसले तो मला मिळाला, आणि मी तोंड फिरवलं. मी आण्णांना म्हटलं, गाडी लागली.

आण्णांनी ते वाजवणं पुन्हा काढलं नाही. सुजाताची दहावी झाली, ती गावाकडं गेली, लग्न झालं, पालमला अंगणवाडीत लागली. लग्नाकार्यात भेट व्हायची, बरी आहेस का, पोरं काय करतात, एवढंच. मी परभणीत पेटी शिकवते. माझ्याकडं पुष्कळ मुलं शिकून गेली, त्यातली दोन-तीन नावारूपाला आली. मुलांना मी भरपूर ‘छान’ म्हणते, जरा जास्तच, असं माझी लेक म्हणते.

तीच लेक गेल्या हिवाळ्यात मोबाईल घेऊन माझ्यापुढं आली. ‘‘आई, ही सुजामावशी ना?’’ अंगणवाडीतली पोरं ओळीनं बसलेली, हातात शेंगा, धांडे, गोटे. मधे केस पांढरे झालेली सुजाता, परातीपुढं. कुणा पोराच्या बापानं काढून नेटवर टाकलेला तो व्हिडिओ, लांबलांबच्या लोकांनी बघितलेला, खाली लिहिलेलं की असं संगीत आम्ही कधी ऐकलं नाही. मी पहिल्यांदा काय केलं ते सांगते. मी चूक शोधली. तिसऱ्या पोराच्या धांड्याचा सूर उतरला आहे, असं मी लेकीला म्हटलं. मग खोलीचं दार लावून घेतलं आणि ते सात-आठ वेळा ऐकलं. आण्णांनी त्या हिवाळ्यात बसवलेलंच होतं ते, शेंगा, मग धांडे, मग खालून भोपळा. सगळं तिच्या लक्षात होतं. आणि पुन्हा तोच हेवा, सोळाव्या वर्षीचा, जसाच्या तसा. माणूस म्हातारं होतं, हा होत नाही.

पुढच्या आठवड्यात मी पालमच्या एसटीत बसले. सुजाता अंगणवाडीतून नुकतीच आली होती. मला बघून हरखली. चहा ठेवला, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी आणली, मायची आठवण काढली. मी जेवले नाही. म्हटलं, ‘‘आधी ऐक.’’ आणि सगळं सांगितलं. दोन ढीग होते, मला दोन्ही दिसत होते, मी मुद्दाम तुझा उचलला. मायनं सांगितलेलं खोटं होतं.

‘‘मला वाटलंच व्हतं,’’ ती म्हणाली. ‘‘आत्याला लबाड बोलायची सवय न्हवती. तवा माझ्याकडं बघितलंच न्हाई तिनं.’’

मी वाट बघत राहिले. ती रडेल, नाहीतर उठून जा म्हणेल. दोन्हीची तयारी करून मी गेले होते. तिनं बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि जरा पुढं सरकली.

‘‘आक्का, एक इचारू? लय वर्षं झाली मनात हाय. पण तू स्वतः बोलल्याबिगर कसं इचारणार?’’

‘‘विचार.’’

‘‘ते सगळं पेटल्यावर कसं वाजलं गं? धांड्याच्या तारा ताणून ताणून तुटल्या आसतील ना? आन् शेंगा, त्या एकदम फुटल्या का एक एक?’’

मी आठवायला लागले. खरंच आठवायला लागले. मला परात दिसत होती, पीठ दिसत होतं, जाळाचा रंग, फुगलेली भाकरी. सगळं लख्ख दिसत होतं आणि त्यात आवाज नव्हता. नऊ सुरांचे नऊ धांडे माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर जळाले होते आणि मला एकही ऐकू आला नव्हता.

‘‘मी ऐकलं नाही,’’ मी म्हटलं.

‘‘कायच न्हाई?’’

‘‘भाकरी थापत होते.’’

‘‘आरारा,’’ ती म्हणाली, आणि माझा हात धरला. तिला खरंच वाईट वाटलं होतं. धांड्यांचं नाही, माझं.